सरांचं टेबल

"सर, ही रेघ बघा. आता ही बघा," म्हणत शमशुद्दीनभाईंनी कापडाचे दोन तुकडे चहाच्या कपाशेजारी अंथरले. "काय दिसतंय?"

रविवारची सकाळ, साडेआठची वेळ. इचलकरंजीहून कोल्हापुरापर्यंत स्कूटर मारत आलेल्या माणसाला 'आधी चहा घेऊ, मग बघू' असं म्हणायची सोय नव्हती. वीरेश मगदूमनं चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. दोन्ही तुकडे शाळेच्या गणवेशाचे, करडे, एकाच सुताचे. दोन्हींवर बारीक तिरप्या रेघा. एकावर त्या उजवीकडं चढत गेल्या होत्या, दुसऱ्यावर डावीकडं.

"हे दुसरं उलटं विणलंय," तो म्हणाला.

"अकराशे मीटर उलटं विणलंय," शमशुद्दीनभाई म्हणाले. "बसाप्पाचं माग चार दिस चालल्यात ह्याच्यावर. शिंप्यानं आदीच्या ताग्याबरोबर हे जोडून पँटी शिवाय घेतल्या तवा ध्यानात आलं. एका पायाची रेघ हिकडं, दुसऱ्याची तिकडं. हेडमास्तर म्हनतोय, पोरं रांगंत चालाय लागली की माझंच डोळं फिरत्यात."

आतून बायकोच्या, शिवलीलाच्या, हसण्याचा आवाज आला. वीरेशला हसू आलं नाही, कारण पुढचं काय असणार याचा त्याला अंदाज येऊ लागला होता.

"मदिनानं उलटं भरलं. दुसरं काय असनार? पाच वर्सांत एकदा चुकली न्हाय बाई, पर आता डोळं गेलं म्हनायचं. तिला म्हनलं, व्हत नसंल तर घरात बस. तर म्हनत्या, मी नेहमीसारखंच भरलंय, कागद दावा सरास्नी. म्हनून कागद घिऊन आलोय."

त्यांनी खिशातून घडी काढली. कागदावर बारीक चौकटी होत्या, काही काळ्या, काही कोऱ्या. कोपऱ्यात छोट्या अक्षरांत 'ताणा १.०' असं छापलेलं होतं. वीरेशनं ते दोनदा वाचलं. मदिनाभाभींची चूक नव्हती. त्यानं गेल्या महिन्यात आयुष्यातली एक जुनी चूक दुरुस्त केली होती, आणि त्या दुरुस्तीनं अकराशे मीटर कापड उलटं विणलं होतं.

आता हे नीट सांगायला हवं. शमशुद्दीनभाईंचं इचलकरंजीत दुकान होतं, पण तिथं काही विकायला ठेवलेलं नसे. नक्षीचं कापड विणणाऱ्या मागाच्या डोक्यावर डॉबी नावाचं यंत्र असतं. त्यात लाकडी पट्ट्यांची एक माळ फिरते. पट्टीला छिद्रं असतात. ज्या छिद्रात खुंटी ठोकली असेल तिथले धागे उचलले जातात, नसेल तिथले खाली राहतात, आणि त्यातून नक्षी होते. कुठल्या पट्टीच्या कुठल्या छिद्रात खुंटी, हे चौकटीच्या कागदावर बघून ठोकायचं. हे काम शमशुद्दीनभाईंच्या दुकानात मदिना मुल्ला आणि आणखी दोन बायका करत. त्यांनी भरलेल्या पट्ट्या पन्नासेक कारखान्यांत जात.

हा कागद पूर्वी मदिनाभाभी हातानं काढत. शेकडो चौकटी मोजायच्या, त्यातल्या निम्म्या पेन्सिलीनं काळ्या करायच्या. एकोणीसशे नव्याण्णव साली शमशुद्दीनभाई कोल्हापुरात एका तंत्रनिकेतनात आले आणि संगणकाच्या खोलीत बसलेल्या सहायकाला त्यांनी विचारलं, "पावणं, तुमच्या ह्या डब्यातनं असला कागद निघतोय काय?" तो सहायक म्हणजे वीरेश. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतून तो तेव्हा नुकताच लिनक्स शिकला होता. नवं काही शिकलेल्या माणसाला कोणी काम सांगितलं की तो हो म्हणतो, तसा तोही म्हणाला. दिवाळीची सगळी सुट्टी बसून त्यानं ते लिहिलं.

लिहिलं ते चांगलं लिहिलं, आणि नाव ठेवलं 'ताणा'. ताणा हा पूर्ण प्रोग्रॅम नव्हता, लायब्ररी होती. म्हणजे दुसऱ्यांनी आपापल्या प्रोग्रॅमला जोडून वापरायचा तयार भाग. भाकरी ज्यानं त्यानं आपल्या घरी थापावी, पीठ तेवढं एका गिरणीतून न्यावं, तसं. वीरेशनं तो इंटरनेटवर मूळ कोडासकट सगळ्यांना खुला ठेवला. कुणीही न्यावा, उघडून वाचावा, सुधारावा, विचारायचं कारण नाही. इचलकरंजीतल्या केरबा नावाच्या एका हुशार गड्यानं ताणा जोडून दुकानासाठी एक प्रोग्रॅम केला. पुढं केरबा दुबईला गेला, आणि त्याचा मूळ कोड कुठल्या फ्लॉपीत आहे हे तो स्वतःही विसरला. फिनलंड, जर्मनीकडं हौसेनं हातमाग चालवणारे लोक होते, त्यांनीही ताणा घेतला. आपण लिहिलेलं काहीतरी फिनलंडमध्ये चालतं, हे वीरेशनं आईला दोनदा सांगितलं होतं. आईनं दोन्ही वेळा विचारलं होतं, "तिथं जेवायला काय खातात रे?"

फक्त एक गोष्ट चुकली होती. तंत्रनिकेतनात एकच जुना माग होता आणि त्याची डॉबी उलट्या हाताला बसवलेली होती. वीरेशनं तेवढाच माग पाहिला आणि त्यावरून खुंट्या मोजायला सुरुवात केली. इचलकरंजीतल्या मागांच्या डॉब्या दुसऱ्या हाताला. त्यामुळं ताणातून निघणारा प्रत्येक कागद आरशात पाहिल्यासारखा, डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं.

हे त्याला कळलं दोन महिन्यांनी, दुकानात गेल्यावर. तिथं एक नवं टेबल होतं. वर काच, काचेखाली ट्यूबलाईट. मदिनाभाभींनी कागद छापील बाजू खाली करून काचेवर पालथा घातला होता, आणि खालच्या उजेडात पातळ कागदातून चौकटी आरपार दिसत होत्या. पालथा घातल्यामुळं अर्थातच सरळ दिसत होत्या.

"सर, मानलं तुमास्नी," शमशुद्दीनभाई म्हणाले होते. "आमच्या हाताला कायम तेल. पयलं दोन दिसांत कागद काळा व्हायचा, मग अंदाजानं ठोकायचं. आता छापलेलं खाली, हात वर. वरीसभर कागद कोरा राहील. मदिनानं समजावलं तवा माज्या डोक्यात उजेड पडला. उलटं छापायचं कुनाला सुचंल?"

वीरेशनं तोंड उघडलं होतं. दुकानात चार गिऱ्हाईकं बसली होती, सगळी त्याच्याकडं कौतुकानं बघत होती, आणि त्याचं वय एकोणतीस होतं. त्यानं तोंड मिटलं. शहाण्या माणसानं तिथंच 'अहो, चूक झाली' म्हटलं असतं तर पुढची पाच वर्षं वाचली असती. पण शहाणी माणसं असल्या भानगडीत मुळात पडतच नाहीत.

कृष्णात सुतारानं तसली टेबलं करून विकायला सुरुवात केली. सत्तावीस दुकानांत ती गेली. गावात त्यांना 'सरांचं टेबल' म्हणत. वीरेशला मात्र ते नाव ऐकलं की कानाची पाळी गरम व्हायची.

लायब्ररी एकदा लोकांच्या हातात गेली की तिचं एक बंधन येतं. नवी आवृत्ती काढा, हवं ते वाढवा, पण जुन्याच्या भरवशावर ज्यांचं चाललंय त्यांचं काही बिघडता कामा नये. गिरणीवाल्यानं एके दिवशी न सांगता दळण जाड केलं, तर बोल भाकरी थापणारीला लागतो. वीरेशला हे पटत होतं, म्हणून तर तो कावला होता. चोवीस धाग्यांची सोय करा, ती उलटी करून करा. नवा प्रिंटर आला, त्यालाही उलटं शिकवा. रंगीत चौकटी, त्याही उलट्या. पाच वर्षं स्वतःच्या चुकीला तो रोज नव्यानं आंघोळ घालून टिळा लावत होता. शिवाय फिनलंडवाल्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये ते पुन्हा उलटं करून सरळ केलं होतं, आणि नव्यानं येणारा प्रत्येक जण मेल पाठवून तोच प्रश्न विचारायचा की, हे असं का आहे?

त्यातला एक म्हणजे जर्मनीचा यॉर्ग. यॉर्ग कामाचा माणूस होता. चुका शोधायचा, दुरुस्त करून पाठवायचा, आभाराची वाट बघायचा नाही. पहिल्या वर्षी त्यानं विनंती केली, दुसऱ्या वर्षी वाद घातला, आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे दोन हजार चारच्या मार्चमध्ये, लिहिलं की, 'आता १.० काढतोयस. जगासमोर पूर्ण झालेली वस्तू म्हणून ठेवणार आहेस. त्यात एवढी ढळढळीत चूक ठेवून तू स्वतःचं नाव खाली लिहिणार आहेस का?'

हे वर्मी लागलं. एक मे रोजी वीरेशनं १.० काढली, सरळ. त्या दिवशी त्याला मुलीच्या नामकरणापेक्षा जास्त आनंद झाला होता, असं शिवलीला अजून म्हणते. प्रत्येक आवृत्तीबरोबर 'चेंजेस' नावाची एक फाईल जाते, काय काय बदललं ते सांगणारी. तीत त्यानं सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, तीन ओळी लिहिल्या. चेंजेस नावाची फाईल या भूतलावर कोणी वाचत नाही, हे माहीत असूनही लिहिल्या.

त्याच महिन्यात दुकानातला संगणक बंद पडला. वीरेशनं जाऊन नवा लावून दिला, त्यात १.० घातली आणि शमशुद्दीनभाईंना बजावलं, "आता कागद सरळ येतोय. पालथा घालायचा नाही." शमशुद्दीनभाई फोनवर कुणाशी तरी टेबलाच्या काचेवरून भांडत होते. म्हणाले, "व्हय व्हय." मदिनाभाभी त्या दिवशी लग्नाला गेल्या होत्या. आणि शमशुद्दीनभाई मनाचे मोठे. त्यांनी ती सीडी आठवड्याभरात सव्वीस दुकानांना वाटली.

"भाभींची चूक नाही," वीरेश आता म्हणाला. "चला, तिथंच येऊन सांगतो."

"अवो, न्याहारी तरी करा," शिवलीला दारात आली. "रविवारचं एक दिवस घरात असता. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, त्या करपल्या की बोलनी पन तुम्हीच खायची."

वीरेशनं शर्टाच्या खिशात दोन सीड्या टाकल्या, एक जुनी, एक नवी, आणि तो स्कूटरवर मागं बसला. वाटेत त्यानं ठरवूनच टाकलं की आज सांगायचं. पाच वर्षांपूर्वी मिटलेलं तोंड आज उघडायचं. आधीचं चूक होतं, आताचं बरोबर आहे, टेबल चूक आहे, कागद उताणा ठेवा, विषय संपला.

दुकानात बसाप्पा आधीच येऊन बसला होता. मागवाला, अंगानं आडवा, बोलणं तिखट. मदिनाभाभी पक्कडीनं एकेक खुंटी उपटत होत्या. पंचेचाळिशीच्या, अंगानं बारीक, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेला. त्यांनी वर पाहिलं, "या सर," म्हणाल्या आणि पुन्हा उपटू लागल्या. उपटलेल्या खुंट्यांचा पायाशी ढीग झाला होता.

"भाभी, जरा थांबा," वीरेश म्हणाला. "कागद असा ठेवायचा आता, छापलेलं वर. बघा बरं भरून."

त्यांनी कागद उताणा ठेवला आणि भरायला घेतलं. सहाव्या पट्टीपर्यंत बरं चाललं. सातव्या पट्टीला त्यांच्या डाव्या हातानं कागद उचलला आणि पालथा घातला. त्यांच्या ध्यानातही आलं नाही. वीरेशनं तो परत उताणा केला. अकराव्या पट्टीला पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावरच्या बनाबाईंनी तर सुरुवातीलाच पालथा घातला होता आणि त्या वीरेशकडंच बघत होत्या, सर आज असं काय करतायत म्हणून. तासाभरात मदिनाभाभींच्या अंगठ्याखालच्या चौकटी तेलानं काळ्या झाल्या, आणि खरी काळी कुठली नि तेलाची कुठली हे वीरेशलाही सांगता येईना.

"सर, मी सांगत्ये हाताला," मदिनाभाभी म्हणाल्या. "हात ऐकंना."

"ऐकंना म्हंजे?" शमशुद्दीनभाई कडाडले. "सर सवता उभं हायत हितं. ऐकंना म्हनं. तरी मी बोलतोय, हिचं वय झालं."

मदिनाभाभींनी मान खाली घातली. बसाप्पा मात्र वीरेशकडं वळला. "सर, एक इचारू? पाच वर्सं चाललंतं की सगळं बरं. कुनाची तक्रार न्हवती, कुनाचं दुखनं न्हवतं. चालत्या गाड्याला हात लावायचं कारन काय म्हंतो मी?"

हा प्रश्न जगातल्या प्रत्येक लायब्ररी सांभाळणाऱ्याला कधी ना कधी विचारला जातो, आणि त्याला एकच खरं उत्तर असतं, की आधीचं चूक होतं. ते उत्तर वीरेशच्या ओठांवर आलं. तेवढ्यात शमशुद्दीनभाई बसाप्पाला म्हणाले, "बसाप्पा, सरांच्या डोक्यावर संशव घेऊ नगंस. ह्या मानसानं उलटं छापायचं काढलं तवा आमी सुदरलो. मालेगावची मानसं येऊन टेबल बघून गेल्यात."

वीरेशनं सत्तावीस टेबलं डोळ्यांपुढं आणली. त्यांवर बसणाऱ्या पन्नास-साठ बायका, प्रत्येकीचा डावा हात. जुनी सीडी एका दुकानात घालून भागणार नव्हतं. एकाच नावाच्या दोन वस्तू, एक उलटी, एक सरळ, सीड्यांवरून इकडून तिकडं जात राहणार, आणि दर खेपेला कुणातरी मदिनाभाभीला कोणीतरी डोळे गेले म्हणणार.

"चूक भाभींची नाही," तो म्हणाला. "नव्या सीडीत माझ्याकडनं गडबड झाली. जुनंच बरोबर होतं. तीच परत घालतो."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की बरोबर केलेल्या कामाची आपण चार माणसांत माफी मागितली, आणि चुकीच्या कामाची शाबासकी दुसऱ्यांदा खिशात घातली. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला.

"आसं व्हय," शमशुद्दीनभाई म्हणाले. मग मदिनाभाभींकडं न बघता, "मंग तुजं बराबर व्हतं म्हन." यापेक्षा जास्त माफी त्यांच्याकडं नव्हती. मदिनाभाभींनी वीरेशकडं एकदा पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि कागद पालथा घातला.

ते अकराशे मीटर कापड दुसऱ्या एका शाळेला गेलं. तिथल्या पोरांच्या दोन्ही पायांच्या रेघा डावीकडंच चढत होत्या, त्यामुळं कुणाचे डोळे फिरले नाहीत.

कोल्हापुरात परत येऊन वीरेशनं १.०.१ काढली. पुन्हा उलटी. ज्यांना सरळ हवं त्यांनी एक खटका दाबून सरळ करून घ्यावं, अशी सोय ठेवली. यॉर्गचं उत्तर चहा निवायच्या आत आलं. तो म्हणाला, 'खटका ठेवायचाच तर बरोबर ते आपोआप मिळावं, चुकीचं हवं असणाऱ्यांनी खटका दाबावा.' अगदी रास्त बोलणं. पण खटका दाबायला केरबाचा प्रोग्रॅम बदलावा लागला असता, आणि केरबा दुबईत.

वीरेशनं टेबलांबद्दल लांबलचक मेल लिहिली. काच, ट्यूबलाईट, तेल, डावा हात. वाचून पाहिल्यावर ती त्याला वेड्याच्या इस्पितळातून आल्यासारखी वाटली, म्हणून त्यानं ती खोडली आणि एकच वाक्य पाठवलं की, 'माझे हे वापरणारे सगळ्यात आधीचे आहेत.' यॉर्गनं लिहिलं, 'मग मी माझी वेगळी शाखा काढतो. तुझ्यावर राग नाही.' आणि खरंच त्याला राग नव्हता, हेच वीरेशला जास्त लागलं.

यॉर्गनं आपल्या शाखेला वेगळं नाव दिलं. फिनलंडवाले तिकडं गेले, मग अमेरिकेतले, मग सगळेच. वीरेशला ताणाबद्दल मेल येईनाशा झाल्या. यॉर्गच्या लायब्ररीत श्रेय देणारी एक फाईल होती, तिच्या तळाशी वीरेशचं नाव होतं. तीही फाईल कोणी वाचत नसे. वीरेश मात्र दरवर्षी एक नवी आवृत्ती काढत राहिला, सत्तावीस टेबलांसाठी. नवा प्रिंटर आला, उलटं छापायला शिकवला. संगणक बदलले, नव्यावर जुनंच चालवून दाखवलं. कोडातल्या त्या ओळीवर त्यानं दोन हजार चारमध्येच लिहून ठेवलं होतं, 'इथं हात लावू नये.' दर खेपेला ती ओळ दिसली की तो स्वतःला एक शिवी देई आणि पुढं जाई.

दोन हजार नऊच्या दसऱ्यानंतर शमशुद्दीनभाईंचा फोन आला. "सर, जमलं तर येऊन जावा. दुकान बंद करतोय."

इचलकरंजीत नवे माग आले होते. त्यांच्या डॉबीला पट्ट्याही नव्हत्या आणि खुंट्याही नव्हत्या. पेन ड्राइव्ह खुपसला की नक्षी सुरू. वीरेश पोचला तेव्हा दुकानाबाहेर पट्ट्यांचा ढीग पडला होता आणि लोक आंघोळीच्या बंबात घालायला त्या पोत्यात भरून नेत होते. शमशुद्दीनभाई खुर्ची टाकून बसले होते, गुडघ्यांनी हैराण.

"बघा सर, कसला सागवान," ते म्हणाले. "पानी तापवाय चाललाय." मग जरा थांबून, "तुमचं टेबल तेवढं कुनी न्हेईना."

आत मदिनाभाभी कागदांच्या चळती बांधत होत्या. केस पांढरे झाले होते. त्या हुपरीला लेकीकडं राहायला जाणार होत्या. तिथं घरोघरी चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडायचं काम मिळतं. "बसून करायचं काम हाय," त्या म्हणाल्या. "आनि सरळच असतंय."

त्या 'सरळच' शब्दानं वीरेशला राहवेना. आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. बिघडायला काही उरलंच नव्हतं.

"भाभी, एक सांगायचं राहिलंय. ते उलटं छापणं मी मुद्दाम केलेलं नव्हतं. चूक होती माझी. उजवीकडनं मोजायचं ते डावीकडनं मोजलं. दहा वर्षं झाली, बोललो नाही."

"ठावं हाय की," मदिनाभाभी म्हणाल्या आणि सुतळीला गाठ मारली.

वीरेशला वाटलं, आपण नीट बोललो नाही. "चूक होती म्हणतोय मी."

"व्हय. पयल्याच दिशी कळलं. अठ्ठेचाळीस पट्ट्या भरल्या, मागाला लावल्या, तर कोयरी उलटी आली. टोक हिकडच्या बाजूला. मग बसून सगळ्या खुंट्या उपटल्या, दोन नखं काळी झाली. आमचं शेठ बाजारात गेलतं. म्हनलं, ते यायच्या आत काय तरी करावं. खिडकीला कागद पालथा लावून बघितला तर सरळ दिसला. शेठ आल्यावर त्यास्नी सांगितलं, सरांनीच आसं काढलंय, हाताचं तेल लागू ने म्हनून."

"तुम्ही सांगितलंत?"

"मंग कोन सांगनार? त्यांच्या डोक्यात असलं कशाला येतंय." त्यांनी पदरानं हात पुसले. "सर, आदी मी त्या चौकटी हातानं काढत हुते. बारा वर्सं काढल्या. सांजच्याला चूल दिसायची न्हाय मला. तुमी एस्टीनं येत हुता, सुट्टीत, फुकट. धर्माच्या गाईचं दात कुनी मोजतंय व्हय? म्हनलं, चूक काढली आनि ह्यो मानूस परत आलाच न्हाय तर? परत पेन्सिल घ्यायची माझ्यात ताकद न्हवती."

 दहा वर्षं वीरेश समजत होता की आपण या लोकांची सवय पाठीवर वाहतोय, आणि त्या ओझ्यापायी जगावर चिडत होता.

"आनि त्या वर्साला," मदिनाभाभी हळू म्हणाल्या, "कापड उलटं आलं तवा. तुमचं नवं बराबर व्हतं ते मला कळलंतं. माझ्यावरचं तुमी तुमच्यावर घेतलं. ते बी ध्यानात हाय."

त्यांनी चळतीतून एक कागद ओढला आणि त्याच्या हातात दिला. "ह्यो पयला. ठिवलाय मी."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वीरेशनं कोड उघडला. 'इथं हात लावू नये' ती ओळ समोर होती. आता तिला हात लावायला कोणाची हरकत नव्हती, दहा अक्षरांचं काम होतं. त्यानं ती तशीच ठेवली. चेंजेसच्या फाईलमध्ये लिहिलं की या आवृत्तीत काहीही बदललेलं नाही. ताणा ज्यांनी घडवला त्यांच्या नावांची यादी होती, तीत पहिलं नाव त्याचं आणि दुसरं यॉर्गचं. त्या दोघांच्याही वर त्यानं एक नाव घातलं, मदिना मुल्ला, इचलकरंजी. कामाच्या रकान्यात लिहिलं, 'पहिल्या आवृत्तीची दुरुस्ती'. आणि शेवटची आवृत्ती पाठवून दिली.

मग तो कागद त्यानं उजेडात धरला. एका बाजूला दहा वर्षांपूर्वीच्या खुंट्या भरणाऱ्या बोटांचे तेलकट डाग होते, पिवळे पडलेले. छापील बाजूवर पहिल्या दिवसाचे दोन-चार डाग होते, बाकी ती कोरी करकरीत होती. त्यानं तो खिडकीच्या काचेला पालथा चिकटवला.

शिवलीला चहा घेऊन आली. कागदाकडं बघत म्हणाली, "उलटा लावलाय की ओ."

"नाही," वीरेश म्हणाला. "सरळच आहे."